कॉलम मजकुराचा की बायनरी? नावावर जाऊ नका

एका डेटाबेसमधला डेटा दुसरीकडे हलवताना मजकूर कोणता आणि कच्चे बाइट कोणते, हे आधी ठरवावे लागते. इथे चूक झाली तर छायाचित्राची फाइल मजकूर समजून बदलली जाते आणि पुन्हा उघडत नाही. याची उत्तरे डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये किंवा क्वेरीच्या निकालासोबत येणाऱ्या माहितीत असतात, पण ती वाचताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : प्रकाराचा कोड ‘ब्लॉब’ आला, म्हणजे कॉलम बायनरीच.
वस्तुस्थिती : मायएसक्यूएल क्वेरीच्या निकालासोबत ‘टेक्स्ट’ आणि ‘ब्लॉब’ या दोन्हींसाठी २५२ हाच कोड पाठवते. फरक कळतो तो कॅरॅक्टर सेटच्या क्रमांकावरून. तो ६३ असेल तर कॉलम बायनरी.

गैरसमज : मग ६३ दिसला की पुरे.
वस्तुस्थिती : आकड्यांच्या कॉलमलाही ६३ च येतो. म्हणून आधी प्रकार पाहावा. तो स्ट्रिंग किंवा ब्लॉब गटातला असेल तरच ६३ वरून निष्कर्ष काढावा.

गैरसमज : ‘बायनरी’ फ्लॅग लागला म्हणजे मजकूर नाही.
वस्तुस्थिती : कोलेशनच्या नावाशेवटी ‘बिन’ असलेल्या मजकुराच्या कॉलमलाही हा फ्लॅग लागतो. तिथे फक्त तुलनेचा नियम वेगळा असतो. आत मजकूरच असतो.

गैरसमज : ‘व्हारचार’ असो वा ‘व्हारबायनरी’, लांबी २० म्हणजे जागा सारखीच.
वस्तुस्थिती : मायएसक्यूएलच्या ‘व्हारचार’मध्ये २० कॅरॅक्टर मावतात, ‘व्हारबायनरी’मध्ये २० बाइट. ‘मराठी’ हा शब्द वाचताना तीन अक्षरांचा, पण युनिकोडच्या हिशेबात पाच कॅरॅक्टरचा आणि यूटीएफ-८ मध्ये १५ बाइटचा. इन्फर्मेशन स्कीमाच्या ‘कॉलम्स’ तक्त्यात दोन्ही लांब्या वेगळ्या नोंदलेल्या असतात. यूटीएफ८एमबी४ वापरणाऱ्या २० लांबीच्या ‘व्हारचार’ला तिथे २० आणि ८० दिसतात, ‘व्हारबायनरी’ला दोन्हीकडे २०, आणि कॅरॅक्टर सेटचा रकाना रिकामा, म्हणजे ‘नल’.

गैरसमज : ‘व्हारचार’ म्हटल्यावर तो मजकूरच.
वस्तुस्थिती : आयबीएमच्या डीबी२ मध्ये ‘फॉर बिट डेटा’ असे घोषित केलेला ‘व्हारचार’ कच्चे बाइट साठवतो. कॅटलॉगमध्ये प्रकाराचे नाव ‘व्हारचार’च राहते; ओळख पटते ती कोडपेजच्या रकान्यातल्या शून्यावरून.

तेव्हा डेटा हलवण्याची स्क्रिप्ट लिहिताना प्रकाराच्या नावावर थांबू नका. कॅरॅक्टर सेट किंवा कोडपेजचा रकाना तपासा आणि मगच रूपांतर करा.