ठसा म्हणजे डाग नव्हे, दस्तऐवज!

नाटकाच्या जाहिरातीचा ठसा मारलेलं चांदीचं नाणं अनेक संग्राहक 'खराब' म्हणून बाजूला सारतात. मला हे पटत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील 'वूड्स मिन्स्ट्रेल्स' या मंडळीचा ठसा स्पॅनिश दोन रियालवर मिळतो. अमेरिकेत 1857 पर्यंत परकी नाणी कायदेशीर चलन होती. झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यावर नाव ठोकलं की फुकटची जाहिरात हातोहात फिरायची. कोरं नाणं राजाचं नाव सांगतं, हे बाजारपेठेचं.

'ठसा आज मारलेला असला तर?' शंका रास्त आहे. म्हणून भिंगाखाली पाहावं. जुन्या ठशाच्या कडाही वापराने बोथटतात, खाचांत काळपटपणा मुरतो. झिजलेल्या नाण्यावर धारदार, चकचकीत अक्षरं दिसली, तर हात आखडता घ्यावा.