चार तासांची नोकरी

21 मार्च 2023 च्या पहाटे लॉस एंजेलिसमध्ये थंड पाऊस पडत होता. एरवी या वेळी शाळेच्या पिवळ्या बसगाड्या आगाराबाहेर पडू लागतात. त्या दिवशी चालक छत्र्या आणि फलक घेऊन फाटकाबाहेर उभे होते. शाळांच्या स्वयंपाकघरांत शेगड्या पेटल्या नाहीत, वर्ग झाडले गेले नाहीत. न्यूयॉर्कनंतर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या शालेय जिल्ह्यातील हजाराहून अधिक शाळा तीन दिवस बंद राहिल्या आणि सुमारे 4 लाख 20 हजार मुले घरी बसली. हा संप शिक्षकांनी पुकारलेला नव्हता. तो सुमारे 30 हजार शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा होता.

लॉस एंजेलिसच्या शाळा सात निर्वाचित सदस्यांचे शिक्षण मंडळ चालवते. मंडळ एक अधीक्षक नेमते आणि रोजचा कारभार तो पाहतो. 2022 पासून हे पद अल्बर्टो कार्व्हालो यांच्याकडे होते. स्वयंपाकी व वाढपी, सफाई कामगार, बसचालक, माळी, वर्गातील मदतनीस आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे सहायक हे सारे 'एसईआययू लोकल 99' या कामगार संघटनेचे सभासद. मॅक्स एरियस हे तेव्हा तिचे कार्यकारी संचालक. जुना करार जून 2020 मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत संपला होता. पुढची जवळपास तीन वर्षे हे लोक नव्या कराराविना काम करत होते. टाळेबंदीत शाळा बंद असतानाही त्यांच्यातील अनेक जण गरजू कुटुंबांना अन्नाची पाकिटे वाटायला रोज हजर राहत होते.

संघटनेच्या सांगण्यानुसार या कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक कमाई 25 हजार डॉलर होती. भारतात बसून हा आकडा रुपयांत मोजला तर फसगत होते, कारण खर्च लॉस एंजेलिसचा आहे. शिवाय ताशी दर पाहिला, तर तो कॅलिफोर्नियाच्या किमान वेतनापेक्षा खाली नव्हता. 2014 च्या करारात याच संघटनेने ताशी 15 डॉलरचा किमान दर पदरात पाडून घेतला होता. तरीही वर्षाची बेरीज इतकी कमी का, हे समजले की सगळा वाद उलगडतो.

उत्तर तासांमध्ये आहे. यातील बहुतेक नोकऱ्या अर्धवेळ आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण एवढ्यापुरतेच बोलावले जाते. ताशी 20 डॉलर धरले आणि रोज चार तास काम मिळाले, तर शाळेच्या 180 दिवसांचे होतात 14,400 डॉलर. त्या शहरात एका खोलीच्या घराचे वर्षाचे भाडेही यात भागत नाही. म्हणून शाळा सुटली की ती दुसऱ्या नोकरीला जाते, काही जणी तिसरीही धरतात. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेचा पगार थांबतो. पुढच्या सत्रात काम मिळण्याची वाजवी हमी असलेल्या शालेय कर्मचाऱ्याला सुटीतला बेकारी भत्ता द्यायचा नाही, असा कॅलिफोर्नियाचा नियम आहे. म्हणजे नोकरी आहे म्हणून भत्ता नाही, आणि सुटी आहे म्हणून पगार नाही. तास कमी असल्याने अनेकांना कुटुंबासाठी आरोग्य विमाही मिळत नसे.

विशेष मुलांच्या सहायकाचे काम जवळून पाहिले, तर 'मदतनीस' हा शब्द तोकडा वाटतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला उचलून ठेवणे, त्याचे कपडे बदलणे, त्याला भरवणे आणि अस्वस्थ झालेल्या मुलाला शांत करून पुन्हा धड्यापाशी आणणे, हे सगळे त्याच्याकडे असते. शिक्षिका पंचवीस मुलांना शिकवू शकते ती या माणसामुळे. तो आला नाही तर त्या मुलाची त्या दिवशीची शाळाच होत नाही. एवढ्या जबाबदारीचे काम तासांच्या हिशेबाने तुकडे करून देणे हा अन्यायच होता.

संघटनेची मागणी 30 टक्के पगारवाढीची होती. सर्वांत कमी पगार असणाऱ्यांना त्याशिवाय ताशी 2 डॉलर वाढ हवी होती. मंडळाने वाढवत वाढवत 23 टक्के वाढ आणि 3 टक्के बोनस देऊ केला. जिल्ह्याच्या तिजोरीत सुमारे 4.9 अब्ज डॉलरची गंगाजळी आहे, मग हात आखडता का, असा संघटनेचा सवाल होता. त्यातील बराच पैसा एकदाच मिळालेला किंवा ठरावीक कामांसाठी बांधलेला आहे, असे मंडळ सांगत होते. मंडळाची चिंता खोटी नव्हती. वीस वर्षांपूर्वी सात लाखांवर असलेली पटसंख्या घसरत चालली होती, अनुदान हजेरीवर ठरते आणि कोविड काळातील केंद्रीय मदतही आटणार होती. पण पुढे पैसा कमी पडेल या भीतीचा भार सर्वांत कमी पगारवाल्यांनीच का उचलावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मंडळाकडे नव्हते. अधीक्षकांचे वार्षिक वेतन 4 लाख 40 हजार डॉलर आहे, हे कामगारांना ठाऊक होते. त्यातच फेब्रुवारीत, संपाचे मतदान सुरू असताना, अधीक्षकांनी ट्विटरवर सर्कशीची उपमा देणारा मजकूर टाकला. तो नंतर काढून टाकला गेला, पण जखम राहिली. मतदान केलेल्या तब्बल 96 टक्के सभासदांनी संपाला कौल दिला.

संप तीनच दिवसांचा का, याचे उत्तर कायद्यात सापडते. कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळांच्या कर्मचाऱ्यांना पगाराच्या प्रश्नावर थेट संपावर जाता येत नाही. वाटाघाटी फिसकटल्या की आधी मध्यस्थी आणि मग सत्यशोधन या पायऱ्या पार कराव्या लागतात. मात्र मालकाने कामगारांचे हक्क डावलले असतील, तर त्या अनुचित प्रथांच्या निषेधार्थ संप करता येतो. सभासदांना मतदानाच्या वेळी धाकदपटशा झाला, असा आरोप ठेवून लोकल 99 ने हाच मार्ग धरला आणि मुदत आधीच जाहीर केली. मुळात हा पगाराचाच संप आहे आणि म्हणून बेकायदा आहे, असे म्हणत जिल्ह्याने राज्याच्या सार्वजनिक रोजगार संबंध मंडळाकडे धाव घेतली. संप तातडीने रोखण्याची त्याची विनंती मान्य झाली नाही.

निर्णायक ठरली ती शिक्षकांची साथ. त्यांच्या 'युनायटेड टीचर्स लॉस एंजेलिस' या संघटनेचे सुमारे 35 हजार सभासद सहानुभूती म्हणून बाहेर पडले. 2019 मध्ये शिक्षकांनी सहा दिवस संप केला तेव्हा शाळा कशाबशा उघड्या राहिल्या होत्या. या वेळी ते शक्य नव्हते. जिल्ह्यातील बहुतेक मुले गरीब घरांतली, अनेकांचे दोन वेळचे खाणे शाळेतच होते. त्यामुळे जिल्ह्याला ठिकठिकाणी अन्नवाटप केंद्रे उघडावी लागली. शाळेचे स्वयंपाकघर किती कुटुंबांचा आधार आहे, हे त्या रांगांनी दाखवले.

योगायोग असा की, महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप लॉस एंजेलिसचा संप सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, 20 मार्चला मिटला होता. त्यातही शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचारी उतरले होते. इकडचा प्रश्न निवृत्तीनंतरचा होता, तिकडचा चालू महिन्याच्या घरभाड्याचा.

तोडगा महापौर कॅरन बास यांच्या मध्यस्थीने निघाला. शिक्षण मंडळावर महापौरांची सत्ता चालत नाही, तरीही त्यांनी दोन्ही बाजूंना एकत्र आणले. संप संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 24 मार्चला, समझोता जाहीर झाला. मागील तारखांपासून फरकासह 6 आणि 7 टक्के, जुलै 2023 पासून आणखी 7 टक्के, आणि त्यावर ताशी 2 डॉलर अशी वाढ ठरली. हे सारे मिळून सुमारे 30 टक्के होते. किमान दर ताशी 22.52 डॉलर झाला. कोविड काळात काम केलेल्यांना 1,000 डॉलर बोनस मिळाला. वर्गातील मदतनिसांसह काही गटांतील, रोज चार तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना कुटुंबासह आरोग्य विमा लागू झाला आणि विशेष मुलांच्या सहायकांना सात तास कामाची हमी देण्यात आली. एप्रिलमध्ये सभासदांनी प्रचंड बहुमताने करार मान्य केला. त्याच महिन्यात शिक्षकांचाही 21 टक्के वाढीचा समझोता झाला.

विमा आणि सात तासांची हमी ही या कराराची खरी कमाई मानायला हवी, कारण टक्केवारी महागाई खाऊन टाकते, मिळालेले तास नाही. सरासरी वार्षिक कमाई 25 हजारांवरून सुमारे 33 हजार डॉलरवर जाईल, असा अंदाज तेव्हा देण्यात आला. स्वयंपाकघरातल्या बहुतेकींची नोकरी मात्र अर्धवेळच राहिली.