निळ्या बसचा हिशेब

अमेरिकेतल्या गावांत शाळेच्या बसवरचा खर्च कुठे कमी करायचा, हे स्कूल बोर्डाच्या सभेत ठरतं. थांबे लांब ठेवा, दोन शाळांच्या वेळा पुढंमागं करा, एकाच गाडीच्या दोन फेऱ्या काढा, अशी घासाघीस लोकांसमोर चालते. वर्धा जिल्ह्यात हाच निर्णय तुकड्यातुकड्यांनी होतो. शाळा चालू ठेवायची की जवळच्या शाळेत मिसळायची, हे शिक्षण विभाग पाहतो. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे एसटी पाहते. मुलींच्या निळ्या बसचे पैसे नियोजन विभागाकडून येतात. प्रत्येक जण आपापल्या टेबलावर काटकसर करतो, आणि एका टेबलावर वाचलेला रुपया दुसऱ्या टेबलावर खर्च म्हणून उमटतो. तिथंही त्याला कुणी वाली नसेल, तर तो बापाच्या मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये जातो.

जिल्हा परिषदेत यासाठी शिक्षण समिती असते. पण 2017 च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आपल्या सर्कलमधल्या शाळेसाठी आणि तिच्या गाडीसाठी सभागृहात आरडाओरडा करणारा माणूसच त्या खुर्चीत राहिला नाही. आरडाओरड्यानं सगळं होतं असं नाही, पण एसटीच्या फेऱ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा तेवढ्यानंच होतं.

वर्धा विभागात एसटीची पाच आगारं आहेत: वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव (श्यामजीपंत). खेड्यातल्या मुलांसाठी स्कूल बस म्हणजे या आगारांतून निघणारी गाडीच. शहरात पिवळ्या रंगाच्या, मदतनीस असलेल्या शाळेच्या बस दिसतात. त्यांच्यासाठी 2011 ची राज्याची नियमावली आहे, शाळाशाळांत परिवहन समिती आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या पोराला ती गाडी ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ती फाट्यावर येणारी लाल गाडी, आणि ती चुकली तर काळीपिवळी नाहीतर ऑटो.

पासची व्यवस्था कागदावर उदार आहे. विद्यार्थ्याला भाड्यात 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे त्यानं एक तृतीयांश भरायचं. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला भरून देतं. पण आगारात फेरी तोलली जाते ती भारमानावर आणि किलोमीटरमागच्या उत्पन्नावर. पासवाल्या पोरांनी गच्च भरलेल्या गाडीत वाहकाच्या पिशवीत रोकड मात्र थोडीच पडते. गाड्या कमी पडल्या, चालक रजेवर गेला, की आधी कात्री लागते ती अशाच आडगावच्या फेरीला. नागपूरची गाडी रद्द केली तर स्टँडवर गोंधळ होतो. खेड्यातली रद्द झाली तर पोरं तासभर फाट्यावर उभी राहतात आणि घरी परततात. मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट झालं. ते योग्यच झालं, पण त्यामुळे सकाळच्या गाडीत दप्तरासकट शिरणं आणखी अवघड झालं.

या साऱ्या गुंत्यात निळी बस हा वेगळा प्रकार आहे. मानव विकास कार्यक्रम 2006 मध्ये सुरू झाला आणि 2011 मध्ये तालुका हा घटक धरून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांपर्यंत पसरला. त्याअंतर्गत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सुरुवातीला तालुक्यामागं पाच बस देण्यात आल्या. पैसा कार्यक्रमाचा, चालक-वाहक एसटीचे, रंग निळा. वर्धा जिल्ह्यातही या बस धावतात आणि लोक त्यांना ‘मानव विकासची गाडी’ म्हणतात.

आठवीच का, यात योजनेची सगळी हुशारी आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत असते. पुढचं हायस्कूल मोठ्या गावात. मुलगा सायकल काढतो, कुणाच्या गाडीवर लटकतो, कसाही पोचतो. मुलीचं शिक्षण तिथंच थांबायचं. नापास झाली म्हणून नव्हे, गाडी नाही म्हणून. कुणीतरी ही गळती नेमकी कुठे होते ते पाहिलं आणि तिथंच बस उभी केली. तिचा हिशेब तिकिटांवर मांडला नाही, मुलगी बारावीपर्यंत पोचते का यावर मांडला. सरकारी योजनेत इतकं सरळ डोकं क्वचित चालतं.

अडचण उरते ती गाडीच्या दिवसाची. सकाळी मुली सोडल्या, संध्याकाळी परत न्यायच्या. मधले तास गाडी उभी ठेवणं एसटीला परवडणारं नसतं. ती दुसऱ्या मार्गावर गेली आणि उशिरा परतली, की हायस्कूलच्या दारात मुली ताटकळतात. शाळेची वेळ संस्थाचालक ठरवतात, गाडीची एसटी ठरवते. दोघांनी जूनच्या आधी एकदा समोरासमोर बसून अर्धा तास इकडंतिकडं केला, तर एका पैशाच्या खर्चाविना फेरी वाचू शकते. अमेरिकेतलं बोर्ड घंटा पुढंमागं करून पैसे वाचवतं ते याच युक्तीनं. आपल्याकडे ती मुख्याध्यापकाच्या एखाद्या विनंतीपत्रावर सोडलेली असते.

आता शिक्षण विभागाच्या टेबलाकडे. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या 1,300 हून अधिक शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तांच्या पत्रानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक, मुलं सुमारे 1 लाख 85 हजार. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत दाखवलं गेलं. त्या पत्रावर राज्यभर टीका झाली.

कार्यालयातला हिशेब साधा असतो. समजा एका शाळेत बारा मुलं आणि दोन शिक्षक आहेत. नियमित प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 29,200 रुपये. दोघांचं, भत्ते सोडूनसुद्धा, वर्षाचं सात लाखांवर जातं. उलट समग्र शिक्षा अभियानात वाहतूक भत्ता मुलामागं वर्षाला फार तर 6,000 रुपये, म्हणजे बारा मुलांचे 72 हजार. वजाबाकी पाहून कुणाही अधिकाऱ्याचा हात सहीकडे जाईल. पण शाळा बंद झाली म्हणून शिक्षकाचा पगार बंद होत नाही, त्याचं दुसरीकडे समायोजन होतं. वाचते ती एक रिक्त जागा, आणि ती तशीही कित्येक दिवस रिक्तच होती. शिवाय महिन्याच्या पाचशे-सहाशे रुपयांत बारा कुटुंबांनी जी गाडी ठरवायची, ती त्या रस्त्यावर असावी तरी लागते.

आणखी एक पेच कुणी बोलून दाखवत नाही. मोफत पास पाचवीपासून, निळी बस आठवीपासून. कमी पटाची म्हणून बंद होते ती शाळा बहुतेक वेळा पहिली ते चौथीची. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला नेमकी दोन्ही सोयींच्या बाहेरची वाट चालावी लागते. शिक्षण हक्काचे नियम पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर सांगतात. हिंगणघाट-समुद्रपूरच्या काळ्या मातीत पाऊस लागला की एक किलोमीटरची पांदण म्हणजे काय, ते नियमात मावत नाही. गंमत म्हणजे वीसचा आकडाही याच नियमांत आहे. शाळा कुठे उघडावी हे सांगताना तो आला होता, आता मिटवताना कामाला येतो. इगतपुरीजवळच्या दरेवाडीत 2022 मध्ये शाळा बंद झाली तेव्हा मुलं शेळ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर धडकली: दप्तरं परत घ्या, शेळ्या द्या. शाळा पुन्हा सुरू झाली.

शिक्षणाच्या खर्चाचा वाद वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये इथंच शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. गांधीजींसमोरचा पेच रोकडा होता: दारूबंदी केली तर अबकारीचा महसूल जाणार, मग शाळांचा खर्च कोण भरणार? शाळेनं हस्तकलेतून आपला खर्च काढावा, हे त्यांचं उत्तर पुढं फारसं चाललं नाही. पण त्यांच्या हिशेबात शाळा गावात होती, प्रवासाचा रकाना नव्हता. आज हा जिल्हा दारूबंदीचाच आहे, आणि प्रवासाचा रकाना मात्र फुगतो आहे.

एसटी थांबली की काय होतं, ते एकदा दिसलंही. कोरोनानंतर 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागात पाचवीपुढचे वर्ग उघडले आणि महिन्याभरातच एसटीचा संप सुरू झाला. एप्रिल 2022 पर्यंत तो रेंगाळला. शाळा उघड्या, गाडी बंद. त्या हिवाळ्यात किती मुली दप्तर ठेवून कापूस वेचायला गेल्या, याचा हिशेब एसटीच्या तोट्याच्या आकड्यात येत नाही.

मानव विकास कार्यक्रमाचं दुसरं वाहन सायकल आहे: शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना ती अनुदानातून मिळते. खर्च एकदाच, वेळापत्रक नको, वाहक नको. काटकसरीचा याहून चांगला निर्णय शोधूनही सापडणार नाही. पण सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारून येतं, आणि त्या रस्त्यावर मुलीला एकटीनं सायकलवर पाठवायला घरचे तयार नसतात. तिथं संध्याकाळची फेरीच हवी, आणि ती शाळा सुटल्यावर सुटणारी हवी.