रवा, गूळ आणि बीजांडकोश

म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात प्राणिशास्त्र विभागाचं फळमाश्यांचं संग्रहकेंद्र आहे. इथल्या माश्या रवा, गूळ आणि अगर शिजवून केलेल्या लापशीवर वाढतात. लिटरभर पाण्यात साधारण १०० ग्रॅम रवा, तेवढाच गूळ आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. वर यीस्ट टाकलं की मादी भराभर अंडी घालते. यीस्ट कमी केलं तर अंडी घटतात आणि माशी जास्त दिवस जगते.

शरीर अंड्यांवरचा खर्च वाचवून स्वतःच्या डागडुजीला लावतं, असं त्याचं स्पष्टीकरण बरीच वर्षं दिलं जाई. पण २००९मध्ये लंडनच्या लिंडा पार्ट्रिज आणि मॅथ्यू पायपर यांच्या गटाने कमी खाणाऱ्या माश्यांना मेथिओनिन हे एकच अमिनो आम्ल वाढवून दिलं. अंडी वाढली, आयुष्य मात्र घटलं नाही. म्हणजे किती खाल्लं याइतकंच काय खाल्लं हेही महत्त्वाचं.

अन्न आणि प्रजननाचं हे नातं माशीपुरतंच नाही. बाईच्या बीजांडांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो: जन्मावेळी १० ते २० लाख, वयात येताना तीन-चार लाख, पाळी जाताना हजाराच्या आसपास. उंदरांच्या माद्यांना प्रौढ वयात कमी उष्मांक दिले तर त्यांचा असाच साठा सावकाश संपतो. बोस्टनच्या जोनाथन टिली यांच्या गटाने २००८मध्ये दाखवलं, की अशा माद्यांना पुढे पुन्हा पोटभर खाऊ घातलं तर त्यांना उतारवयातही पिल्लं होतात. ‘पुन्हा पोटभर’ हे शब्द इथे फार मोलाचे आहेत. आज वाचवलेलं बीज उद्या रुजायला अन्न लागतंच.

माणसात उपासमारीचे परिणाम कठोर आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला आणि नऊ महिन्यांनी जन्म जवळपास निम्म्यावर आले. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलींची पाळीही पुढे थोडी लवकर गेली. चरबी घटली की तिच्यातून स्रवणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचे संदेश मंदावतात आणि बीजांडकोश थांबतो.

म्हैसूरच्याच होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४पासूनच्या बाळांच्या वजनांच्या नोंदी आहेत. तिथेच १९९७-९८मध्ये सुरू झालेल्या ‘पार्थेनॉन’ अभ्यासात ४३ टक्के गर्भवतींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं, आणि अशा स्त्रियांत लठ्ठपणा आणि गरोदरपणातला मधुमेह जास्त होता. पोट भरलेलं, तरी शरीर उपाशी! आपली एकादशीची साबुदाणा खिचडीही याच जातीची: उष्मांक भरपूर, प्रथिनं जेमतेम. प्रयोगशाळेतल्या नियंत्रित आहाराशी तिचा काही संबंध नाही.

पीसीओएस हा बीजांडकोशाचा संप्रेरकांशी निगडित विकार आणि जास्त वजन असेल, तर पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर अनेकींची पाळी सुरळीत होते. सडपातळ मुलीची पाळी डाएटच्या काळात तीन महिने चुकली, तर तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, आणि तोवर जेवण कमी करू नये.