जादूची वस्तू रचताना बोहाडा पाहा

कल्पित जगाच्या भूमिका-खेळासाठी जादूची वस्तू रचायची स्पर्धा असेल, तर आधी जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याचा उत्सव, रात्रभर जागून पाहावा. होळीनंतरच्या दिवसांत तो गावोगावी भरतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, मशालींचा उजेड, संबळाचा ठेका. मुखवटा घालून घेतलेल्या रूपाला इथे म्हणतात ‘सोंग’. अनेक सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. रावणाची दहा तोंडं डोक्यावर पेलत नाचणं म्हणजे अंगमेहनतच!

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ आला. त्यातली वाराला ‘अधिक एक’ देणारी तलवार उपयोगी खरी, पण मनात राहत नाही. सोंग राहतं, कारण ते कुणी घालायचं, कधी घालायचं आणि किती भार सोसायचा हे ठरलेलं असतं. माझ्या मते वस्तूच्या शक्तीआधी हेच लिहावं. सोंगांमागे लोकांची श्रद्धा आहे. म्हणून देवांची नावं उचलू नयेत, रचना शिकावी.

एक नमुना: पहाटेपर्यंतच चालणारा मुखवटा. घालणाऱ्याला अंधारात दिसतं; वाद्य थांबलं की मात्र मान वळत नाही.