आंतरराष्ट्रीय गृहसामान स्थलांतर आणि ऑनलाइन दरनिश्चिती : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

घरगुती सामान एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचविणे हा मालवाहतुकीचाच एक प्रकार असला, तरी त्याच्या दरांची घडण व्यापारी मालाहून निराळी आहे. व्यापारी मालाचे वजन, नग व मूल्य बीजकावर नमूद असते. घरच्या सामानात मात्र पुस्तकांच्या पेट्या, पितळी भांडी, कपाट, शिलाई यंत्र असे सर्व काही एकत्र येते आणि बांधणी होईपर्यंत त्याचे खरे आकारमान कोणालाच ठाऊक नसते. अशा स्थितीत एकाच घरासाठी तीन पॅकर्स अँड मूव्हर्स कंपन्यांनी तीन अगदी भिन्न दर द्यावेत, यात नवल नाही. हे दर एका ठिकाणी मांडणारी ऑनलाइन यंत्रणा कशी चालते व तिच्यापुढील खरी अडचण कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दराची घडण

ग्राहकाला दिसणारा एकच आकडा वस्तुतः अनेक दरांची बेरीज असतो. घरातील बांधणी, बंदरापर्यंतची वाहतूक, निर्यात सीमाशुल्काचे सोपस्कार, सागरी भाडे, परदेशी बंदरातील हाताळणी, तेथील सीमाशुल्क व अखेरीस नव्या घरी पोहोच, हे टप्पे बहुधा वेगवेगळ्या कंपन्या पार पाडतात. नागपूरच्या कंपनीचे टोरांटो येथे स्वतःचे गोदाम असण्याची शक्यता कमीच. त्यामुळे ती तेथील सहकारी कंपनीचा दर मागविते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘फिडी’सारख्या जागतिक संघटनांचे जाळे याच परस्परावलंबनावर उभे आहे.

त्यात एककांचा गोंधळ आहे. भारतात आकारमान घनफूट किंवा घनमीटरमध्ये मोजले जाते, तर अमेरिकेतील कंपन्या पुष्कळदा १०० पौंडांमागे दर सांगतात. दर घनफुटास सुमारे ६.५ पौंड हे व्यवसायातील रूढ प्रमाण धरल्यास १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३५३ घनफूट सामान २,३०० पौंडांच्या, अर्थात साधारण १,०४० किलोंच्या आसपास भरते. हेच सामान विमानाने पाठविल्यास १ घनमीटर म्हणजे सुमारे १६७ किलो असा हिशेब लागून आकारणी १,६७० किलोंवर होते. हे रूपांतर यंत्रणेने अचूक केले नाही, तर दरांची तुलना निरर्थक ठरते.

नागपूरचा भूमार्गीय टप्पा

नागपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर आहे. बंदरापासून दूर असलेल्या या शहरात अजनी येथे भारतीय कंटेनर निगमाचा अंतर्देशीय कंटेनर डेपो असल्याने संपूर्ण कंटेनर येथेच सीलबंद करून रेल्वेने बंदराकडे रवाना करता येतो. परंतु २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. दोन खोल्यांच्या घराचे १० घनमीटर सामान त्यात एकतृतीयांशही भरत नाही. अशा कुटुंबाने रिकाम्या जागेचे भाडे भरावे, अथवा सामान ट्रकने न्हावा शेवा परिसरात पाठवून इतरांच्या सामानासह एका कंटेनरमध्ये घालावे. दुसऱ्या पर्यायात वाट पाहणे, गोदामभाडे व एक जादा चढउतार हे ओघाने आलेच. बंदरापासूनच सुरू होणारी दरतालिका मुंबईकराला जवळजवळ पुरते. नागपूरकराच्या बाबतीत ती एक संपूर्ण टप्पाच गाळते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्याने या टप्प्याचा वेळ घटला, तरी खर्च उरतोच.

दराची मुदत व समावेश

म्हणून यंत्रणेत दराचा केवळ आकडा साठवून भागत नाही. तो कोणत्या आकारमानासाठी, कोणत्या चलनात, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या सेवांसह, हे त्याच्यासोबत नोंदवावे लागते. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा एका जहाजाने सहा दिवस अडविला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. अशा वेळी शिळा दर दाखविणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूलच. त्याहून घातक असतो तो न लिहिलेला खर्च. परदेशी बंदरातील हाताळणीशुल्क वगळलेला दर यादीत सर्वांत स्वस्त दिसतो. कुटुंब नव्या देशात पोहोचल्यावर तेथील देणे चुकते केल्याशिवाय सामान सुटत नाही, आणि तेव्हा घासाघीस करण्यास वाव नसतो. समावेशाचे रकाने भरल्याखेरीज दर स्वीकारायचाच नाही, हा नियम यंत्रणाचालकाला काही कंपन्यांची नाराजी पत्करूनही पाळावा लागतो.

दरांची गोपनीयता

स्पर्धक कंपन्यांचे दर एकाच संगणकावर जमा होणे ही सोय आहे, तशीच जोखीमही. युरोपीय आयोगाने मार्च २००८ मध्ये बेल्जियममधील आंतरराष्ट्रीय स्थलांतर व्यवसायातील १० कंपन्यांना एकूण ३ कोटी २७ लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला. १९८४ ते २००३ या काळात दर ठरवून घेणे, ग्राहक वाटून घेणे आणि खोटी दरपत्रके देणे, असे आरोप सिद्ध मानले गेले. खोट्या दरपत्रकाची युक्ती साधी होती. बदली कर्मचाऱ्याची होई, पैसे मालक भरी व तो अनेक दरपत्रके मागे. निवडलेली कंपनी इतरांना आकडे कळवी आणि ते मुद्दाम चढे दर पाठवीत.

भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार दरांबाबतचे संगनमत निषिद्ध आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, स्वतः तो व्यवसाय न करणारी संस्थाही अशा करारात सहभागी झाल्यास किंवा तसा तिचा इरादा असल्यास त्या कराराचा भाग मानली जाते. दर गोळा करणाऱ्या मध्यस्थ यंत्रणेला ही तरतूद थेट लागू होऊ शकते. प्रत्येक कंपनीचे दर निरनिराळ्या कप्प्यांत ठेवून केवळ सरासरी प्रसिद्ध करणे, हा उपाय मुंबईसारख्या मोठ्या बाजारपेठेत पुरेसा ठरेल. एखाद्या मार्गासाठी नागपुरातून दोनच कंपन्या दर देत असतील, तर मात्र सरासरीची दुप्पट करून त्यातून स्वतःचा दर वजा केला की दुसरीचा दर हाती येतो.