पोटातली आग आणि जठराचे अस्तर

पहाटे बदलापूरहून लोकल पकडणारा, अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी करणारा, उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईवर बसणारा आपला माणूस नुसत्या चहावर घर सोडतो. दुपारी पोटात आग पडली की मेडिकलमधून गोळी घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. म्हणून या अंकात आम्ही जठराच्या अस्तराविषयी लिहीत आहोत.

जठरातले आम्ल तीव्र असते. अन्न पचायला आणि त्यातले जंतू मारायला ते लागतेच. मग जठर स्वतः का जळत नाही? कारण अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो आणि वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. हे संरक्षण कमी पडले की अस्तराला सूज येते. जखम खोल गेली की तो अल्सर.

"तिखट खाता, काळजी करता, म्हणून अल्सर होतो," असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. पण ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ च्या सुमारास हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू शोधला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते.

हा जंतू बहुधा लहानपणी घरातच लागतो. पुष्कळांना त्याचा त्रास होत नाही, काहींना अल्सर होतो, थोड्यांना पुढे कर्करोगही होतो. दाटीची घरे, अपुरे पाणी, सामायिक संडास असतील तिथे तो जास्त पसरतो. म्हणजे दोष केवळ आपल्या ताटाचा नाही. १९२७ साली महाडला पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या समाजाला स्वच्छ पाणी का मागायचे, हे सांगायला नको.

दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अस्तराचे संरक्षण कमी करतात. त्या मनाने रोज घेऊ नका. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन परस्पर बंदही करू नका. दारू आणि तंबाखूही अस्तराला घातक. दारू न पिण्याची प्रतिज्ञा तर आपण बावीस प्रतिज्ञांत घेतलेलीच आहे.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर थांबू नका; उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. वजन घटणे, घास अडकणे, रक्त कमी होणे, यांसाठी दुर्बिणीची तपासणी लागते. छातीत दाब आणि घाम असेल तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते.

जंतू आढळला तर साधारण १४ दिवस औषधे असतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नका. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, उलट पुढच्या औषधाला दाद देईनासा होतो.